कॅरीमॅटची खोळ सैल हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुक्कामी भटकंतीच्या तयारीवर आलेला लेख मी दोनदा वाचला. तंबू, बूट, दिवा, स्लीपिंग बॅग यांची माहिती नेमकी होती. फोमच्या मॅटच्या, म्हणजे आपण सगळे जिला कॅरीमॅट म्हणतो तिच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आलं. ती पाणी पीत नाही, तेव्हा तिला पिशवी लागत नाही, सॅकच्या बाहेर बांधली की काम झालं, अशा अर्थाचं. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबलं आहे, पण मापं आणि कारणं दोन्ही सांगायची तर याहून आखूड लिहिता आलं नाही.

वाक्य निम्मं खरं आहे. या फोममध्ये हवेचे बारीक बारीक कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा चहूबाजूंनी बंद असतो. म्हणून पाणी आत शिरत नाही. पण गुंडाळलेल्या मॅटच्या वेटोळ्यांमध्ये फटी असतातच. पावसात दोन तास चालल्यावर या फटींतून पाणी आत उतरतं आणि तिथंच राहतं. रात्री तंबूत मॅट उलगडली की तिच्यावर ओले पट्टे दिसतात. मॅटला त्याचं काही नाही, पण तिच्यावर अंथरलेली स्लीपिंग बॅग ते पाणी टिपून घेते आणि मध्यरात्री पाठीखाली गारवा लागतो. आम्ही मायलेकींनी अशा रात्री काढलेल्या आहेत.

मी गेली चौदा वर्षं मुलीबरोबर मुक्कामी भटकंतीला जाते आहे. शिवणकाम त्याच्याही कितीतरी आधीपासूनचं. आमच्या पहिल्या कॅरीमॅटबरोबर एक तयार पिशवी आली होती. मॅटच्या अंगाला इतकी घट्ट की दुकानातून आली तशी मॅट तिच्यात पुन्हा कधीच नीट गेली नाही. तिसऱ्या मुक्कामाला पहाटे वारा सुटलेला, बोटं बधिर, मुलगी गुडघ्यानं मॅट दाबून धरते आहे आणि मी पिशवी वर ओढते आहे, तेवढ्यात नेफा टर्रकन उसवला. नाडी माझ्या हातात आणि तोंडाचं कापड लोंबतंय. तेव्हापासून पिशवी सॅकच्या तळाशी गेली आणि मॅट उघडी, बाहेरच्या पट्ट्यात. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांच्या मॅटचं असंच झालं आहे. पिशवी नकोशी असते असं नाही. ती घालताना दमछाक होते म्हणून मागे पडते.

उघड्या मॅटचं काय होतं ते मला एका अरुंद पायवाटेवर कळलं. दोन्ही बाजूंनी काटेरी झुडपं, माणूस जेमतेम जाईल एवढी जागा. झुडपांवर कमरेच्या उंचीला निळसर, करडे ठिपके दिसत होते. आधी फुलं वाटली. जवळ जाऊन पाहिलं तर फोमचे तुकडे, नखाएवढे, काही अंगठ्याएवढे, काट्यांत अडकलेले. त्या एका वळणावर मी सतरा तुकडे वेचून खिशात घातले. त्यातल्या दोनांचा रंग आमच्याच मॅटचा होता. सॅकला आडवी बांधलेली मॅट माणसाच्या दोन्ही खांद्यांच्या बाहेर येते. चालणाऱ्याला ती मागे कशाला घासते आहे हे कळतच नाही. फोम ओरखडला की आवाज होत नाही, कापड फाटल्यासारखा झटका बसत नाही. तुकडा निघतो आणि तिथंच राहतो.

आणि तो कुजत नाही. या मॅट बहुधा पॉलिइथिलीनच्या किंवा त्याच्याच गोतावळ्यातल्या ईव्हीएच्या फोमच्या असतात. पॉलिइथिलीन १९३३ साली प्रयोगशाळेत जवळजवळ अपघातानं हाती लागलं. इतकी वर्षं ज्या गुणासाठी आपण ते वापरत आलो तो गुण हाच, की पाणी, बुरशी, कीड यांचं त्याच्यापुढे फारसं चालत नाही. उन्हानं ते ठिसूळ होतं, तुकड्याचे आणखी बारीक तुकडे होतात, एवढंच. म्हणून मॅटला कापडाची खोळ असावी असं मी म्हणते. काटा कापडाला लागला तर एक धागा निघेल, आणि कापड मला घरी बसून दुरुस्त करता येतं.

आता शिवायची कशी. इथं मी तीनदा शिकले आहे, त्यातलं पहिल्या दोनदांचं आधी सांगते.

पहिली खोळ मी जुन्या सुती चादरीची शिवली. दिसायला सुरेख झाली. पहिल्याच पावसात ती ओली झाली आणि दोन दिवस वाळली नाही. तिसऱ्या दिवशी तिला कुबट वास आला आणि मॅटलाही तो लागला. सुती कापड घरात ठेवायच्या खोळीला उत्तम आहे. ते हवा खेळू देतं आणि ऊन अडवतं. वाटेवर मात्र नायलॉन किंवा पॉलिएस्टरच हवं. कापड विकत घ्यायलाच हवं असंही नाही. फाटलेल्या तंबूचं वरचं आच्छादन, जुनं विंडचीटर, मोडलेल्या छत्र्यांचं कापड, यातलं काहीही चालतं. जुन्या तंबूचं कापड घेताना एक पाहावं. त्याच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा लेप असतो आणि वर्षानुवर्षांच्या दमटपणानं तो सुटायला लागतो. अंगठा घासून बघा. चिकट लागलं तर ते कापड घेऊ नका, तो चिकटपणा मॅटला लागतो आणि मग निघत नाही. नवीन घेणार असाल तर सत्तर डेनियरच्या आसपासचं पुरतं. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितके डेनियर, असा तो हिशेब आहे. म्हणजे आकडा वाढला की धागा जाड आणि कापडही जड. चौकटीची वीण असलेलं रिपस्टॉप मिळालं तर फारच चांगलं, कारण काट्यानं पडलेलं भोक पुढच्या जाड धाग्याशी अडतं.

दुसरी खोळ कापडानं नव्हे, मापानं बिघडली. मी घरात, सपाट फरशीवर, जोर लावून मॅट गुंडाळली आणि वेटोळ्याचा व्यास मोजला. १७ सेंटीमीटर आला. तळाचा गोल त्या मापाचा बेतला. नळीला मात्र सैलपणा हवा म्हणून तिचा घेर शिवून ६० ठेवला. मशिनवर बसले तेव्हा लक्षात आलं की १७ सेंटीमीटर व्यासाच्या गोलाचा परीघ साडेत्रेपन्नच्या आत भरतो. साडेसहा सेंटीमीटर कापड उरलं. ते मी चुण्या घालत घालत दामटलं. चार ठिकाणी चुण्यांचे सहा सहा पदर सुईखाली आले, सुई मोडली, आणि जिथं टीप निसटली तिथून तळ पहिल्याच वापरात सुटला.

त्या खोळीत मॅट घातली तर जाईना. मुलगी म्हणाली, "आई, तू घरातल्या मॅटचं माप घेतलंस. पहाटेच्या मॅटचं घे ना." मला आजवर कुणी दिलेला शिवणकामातला हा सगळ्यात उपयोगी सल्ला आहे. थंडीत फोम कडक होतो. त्यात जमीन उंचसखल, हात गारठलेले, निघायची घाई. त्या वेळी गुंडाळी कधीच घरच्याइतकी आवळली जात नाही. पुढच्या मुक्कामाला मी टेप बरोबर नेली आणि पहाटे, अगदी रोजच्यासारखी मॅट गुंडाळून मोजली. व्यास १९ भरला.

हा दोन सेंटीमीटरचा फरक किती मोठा आहे ते आकड्यांवरून दिसेल. आमची मॅट १८५ सेंटीमीटर लांब, ६० रुंद आणि १ जाड. वेटोळ्यांत तसूभरही फट नाही असं धरलं तर तिचा गोल साडेपंधरा सेंटीमीटरच्याही आत मावायला हवा. तयार पिशव्या बहुधा याच गणिताच्या जवळपास शिवत असावेत असा माझा समज आहे. कागदावर बरोबर, पहाटे चूक.

तेव्हा आता मापं. ही १ सेंटीमीटर जाडीच्या मॅटची आहेत. तुमची मॅट जाड असेल तर तुमच्या पहाटेचा व्यास घेऊन याच वाटेनं जा. १९ चा परीघ जवळपास ६०. त्यात ३ सैलपणाचे, झाले ६३. दोन्ही कडांना दीड दीड सेंटीमीटर माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडायचं जादा कापड. झाली कापडाची रुंदी ६६. गोल काढताना मॅटचा व्यास विसरून जायचा आणि शिवून तयार होणाऱ्या नळीचा घेर घ्यायचा. ६३ ला ३.१४ नं भागलं की २० येतात, तो शिवणीच्या रेषेचा व्यास. बाहेर दीड दीडची माया धरून गोल कापायचा २३ चा. उंचीला मॅटची रुंदी ६०, तोंड आवळल्यावर कापडानं मधोमध मिटायला हवं म्हणून त्रिज्येइतके १०, नेफ्याला ४ आणि तळाच्या मायेला दीड. साडेपंचाहत्तर होतात, मी ७६ कापते. सव्वाशे सेंटीमीटर पन्ह्याच्या कापडात नळी आणि गोल शेजारी शेजारी बसतात आणि सत्तर सेंटीमीटर लांबीत काम होतं.

गोल जोडायची भीती अनेकींना वाटते. गोलाच्या घडीवर घडी घालून चार ठिकाणी खडूची खूण करा, नळीच्या तळालाही तशाच चार खुणा करा आणि खुणेला खूण जुळवा. नळीच्या मायेला दर दीड-दोन सेंटीमीटरवर बारीक कात्रे द्या, मायेच्या निम्म्यापर्यंतच. कात्रे दिले की सरळ कड गोलाभोवती पसरते आणि चुणी पडत नाही. गोल खाली आणि नळी वर ठेवून शिवलं तर काय चाललं आहे ते डोळ्यांना दिसत राहतं. टाचण्या लावू नका. लेपाच्या कापडाला टाचणीचं भोक पडलं की ते बुजत नाही. कपडे वाळत घालायचे चिमटे घ्या, त्यांनी कड छान धरली जाते.

सुई ११ नंबरची, फार तर १२. दोरा पॉलिएस्टरचा, कारण सुती दोरा ओलाव्यानं कुजतो आणि कापड शाबूत असताना शिवण सुटते. टीप तीन मिलिमीटरची ठेवा. बारीक टीप मजबूत असेल असं वाटतं, पण या कापडाला ती पोस्टाच्या तिकिटासारखी भोकं पाडते आणि ताण आला की कापड त्याच रेषेवर फाटतं. उभी शिवण दुहेरी घाला. आधी कापडाच्या सुलट बाजूनं अर्ध्या सेंटीमीटरवर एक टीप, मग उलटवून कड आत कोंडत एक सेंटीमीटरवर दुसरी. दीड सेंटीमीटरची माया अशी पुरी वापरली जाते आणि धागे सुटायला जागाच उरत नाही. गोलाच्या कडेला मी फितीचा गोट घालते. काही जण नायलॉनची कड मेणबत्तीवर धरून वितळवून घेतात, तेही चालतं, मात्र मॅट शेजारी ठेवून हा उद्योग करू नका. नायलॉन वितळायला दोनशे अंशांच्या वर उष्णता लागते, पॉलिइथिलीनला साधारण ११० ते १३० पुरते. इस्त्रीचंही तसंच. मी नेफ्याची दुमड इस्त्रीनं घालत नाही, नखानं दाबून घेते.

दोन गोष्टी मला कुणी सांगितल्या नव्हत्या आणि त्यांनीच माझी तिसरी खोळ खरी वापरातली झाली.

पहिली हवेची. लेपाच्या कापडातून हवा जात नाही. मॅट वरून ढकलली की खाली हवा कोंडते, खोळ फुग्यासारखी फुगते आणि मॅटला वर लोटते. आपण आणखी जोर लावतो आणि तो जोर सगळा शिवणीवर येतो. आमचा पहिला नेफा उसवण्यात याचाही हात असणार. आता मी गोलाच्या मधोमध, आतून एक ठिगळ जोडून, बोटभर काज करते. मॅट आत जाताना त्या काजातून हवेचा सुस्कारा ऐकू येतो. मॅट पुढे सरकते आहे हे हाताला कळायच्या आधी त्या आवाजावरून कळतं. आत चुकून पाणी गेलं तर तेही तिथूनच निथळतं.

दुसरी गोष्ट मुठीची. तळाच्या गोलावर बाहेरून जाड फितीचा एक पट्टा, चार बोटं आत जातील असा. दोन्ही टोकांना चौकोन शिवून त्यात फुली घाला. मॅट बाहेर काढताना एका हातानं तो पट्टा आणि दुसऱ्या हातानं मॅट धरली की एका ओढीत निघते. पट्टा नव्हता तेव्हा आम्ही खोळीचा तळ चिमटीत धरून ओढायचो आणि कापड मॅटला चिकटून बसायचं.

ज्यांच्याकडे मशिन नाही किंवा गोल नकोच असेल, त्यांनी लोडाच्या खोळीसारखी शिवावी. दोन्ही टोकं उघडी, दोन्हीकडे नेफा आणि नाडी. रुंदी तीच ६६, लांबी ८८. हातानं शिवताना धावदोरा घालू नका, तो ओढला जातो. उलटी टीप घाला, दोरा दुहेरी. दोन संध्याकाळी जातील. या खोळीत हवेचा प्रश्नच येत नाही आणि मॅट कुठूनही घालता येते. तोंडाशी मधोमध थोडं भोक राहतं, मोठ्या पावसात तिथून पाणी जाईल एवढाच तिचा उणेपणा. घडीच्या मॅटला, जी पंख्यासारखी दुमडते, चौकोनी खोळ लागते. ती सोपी आहे, घडीची लांबी, रुंदी, उंची पहाटेच मोजा.

नेफ्याबद्दल एक राहिलं. उभी शिवण वरपर्यंत नेऊ नका. वरचे पाच सेंटीमीटर मोकळे सोडा, त्या फटीच्या दोन्ही कडा दुमडून शिवा आणि मग नेफा घाला. नाडी त्याच फटीतून बाहेर येते. फटीच्या मुळाशी चार-पाच आडव्या टिपा घट्ट मारून ठेवा. तयार पिशवीचा नेफा नेमका त्याच जागी सुटला होता. नाडी ८५ सेंटीमीटरहून आखूड घेऊ नका, नाहीतर पूर्ण उघडलेल्या तोंडात ती आत गडप होते.

घरी परतल्यावर मॅट खोळीतून काढा. वाटेवरची खोळ वेगळी, घरातली वेगळी. बंद कप्प्यांचा फोम दिवसेंदिवस दबून राहिला, त्यातही उबेत, तर तो पूर्ववत फुलत नाही. जाडी गेली की कप्प्यांतली हवा गेली, आणि जमिनीचा गारठा अडवते ती ती हवाच. आमची जुनी मॅट दोन दोऱ्यांनी करकचून बांधून माळ्यावर ठेवली होती. दोऱ्यांच्या जागी अजून दोन खाचा आहेत आणि त्या खाचांवर कूस आली की मुलीला थंडी वाजते. आता मॅट आडवी, उलगडून, पलंगाखाली असते. जागा नसली तर त्या सुती चादरीच्या खोळीत, सैल गुंडाळून, उन्हापासून दूर.

संपादक महोदय, पुरवणीत पुन्हा कधी सामानाची यादी छापाल तेव्हा कॅरीमॅटच्या ओळीत दोन शब्द वाढवावेत ही विनंती: 'खोळीसह, सैल'. सोबत खोळीचा बेत मापांसह पोस्टकार्डाएवढ्या कागदावर काढून पाठवत आहे. आकडे शिवून तपासलेले आहेत. जागा असेल तर तो छापावा. मॅट बनवणाऱ्यांनाही सांगणं आहे, की पिशवीचं माप ठरवताना एकदा थंडीच्या पहाटे, उघड्यावर, हातमोजे घालून स्वतः मॅट गुंडाळून पाहा. दोन-तीन सेंटीमीटर कापड जास्त लागेल.

वेचलेले ते सतरा तुकडे मी बरणीत ठेवले आहेत. गेल्या महिन्यात आम्ही त्याच वळणावरून परत गेलो, या वेळी दोघींच्या मॅट खोळीत होत्या. नवे नऊ तुकडे मिळाले. त्यांत आमच्या रंगाचा एकही नव्हता.

आपली,
एक नियमित वाचक